छंदात बांधलेले पथ्य

रोमचा सम्राट नीरो याच्या पदरी अँड्रोमाकस नावाचा क्रीट बेटावरून आलेला वैद्य होता. विषावर उतारा म्हणून त्याने एक औषध सिद्ध केले. साठाहून अधिक घटकांच्या त्या औषधात वाळवलेल्या मुळ्या होत्या, सुगंधी डिंक होते, अफू होती आणि सापाचे मांसही होते. ही कृती त्याने गद्यात लिहिली नाही. १७४ ओळींची ग्रीक कविता करून त्याने ती सम्राटाला अर्पण केली.

ही कविता आज वाचायला मिळते ती गॅलनमुळे. अँड्रोमाकसनंतर शंभर वर्षांनी होऊन गेलेल्या या थोर वैद्याने उताऱ्यांवरच्या आपल्या ग्रंथात ती जशीच्या तशी उतरवून घेतली, आणि औषधाची कृती पद्यात का असावी याचे कारणही सांगितले. पद्य पाठ करायला सोपे असते, आणि त्यात लबाडी करणे अवघड असते.

आजच्या विषयाचा गाभा या दुसऱ्या कारणात आहे. हाताने नकला करण्याच्या काळात औषधाचे प्रमाण ही ग्रंथातली सर्वांत कच्ची जागा होती. ग्रीक लिपीत आकडे अक्षरांनीच लिहीत, वजनांना खुणा असत. नकलनवीस पेंगला, दिव्याची वात मंद झाली, एखादी रेघ पुसट उमटली, की चाराचे चौदा व्हायला वेळ लागत नसे. घटक अफू असला तर त्या एका रेघेत रोग्याचा जीव गुंतलेला असे. मेनेक्रेटिस नावाच्या वैद्याने यावर उपाय म्हणून सगळी प्रमाणे खुणांऐवजी पूर्ण शब्दांत लिहिली. पण नकला करणाऱ्यांनी वेळ वाचवण्यासाठी पुन्हा खुणाच वापरल्या, अशी गॅलनची तक्रार आहे. डॅमोक्रेटिस या वैद्याने मात्र आपल्या कृती छंदात बांधल्या, म्हणून गॅलन त्याची स्तुती करतो. छंदातल्या ओळीत संख्येचा शब्द बदलला की मात्रा मोडते आणि वाचणाऱ्याची जीभ अडखळते. चूक कानाला कळते.

गॅलनला कागदावरच्या विद्येची क्षणभंगुरता दुसऱ्याही एका वाटेने कळली होती. इसवी सन १९२ मध्ये रोममध्ये मोठी आग लागली. व्हाया साक्रा या रस्त्यालगतच्या कोठारात ठेवलेली त्याची पुस्तके, औषधे आणि आयुष्यभर जमवलेल्या दुर्मीळ कृती जळून गेल्या. त्याविषयी त्याने लिहिलेले पत्र नष्ट झाले असे मानले जात होते. २००५ मध्ये ग्रीसमधल्या थेसालोनिकीच्या एका मठातल्या हस्तलिखितात ते सापडले.

तेव्हा जुन्या वैद्यकातली कविता हा कडू औषधावरचा साखरेचा थर होता, ही समजूत पुरती बरोबर नाही. अनेक ठिकाणी छंद हे साठवणीचे, तपासणीचे आणि प्रसाराचे साधन होते. मात्र या साधनाची एक मर्यादा होती, आणि ती समजून घ्यायची तर इटलीत सालेर्नोला जायला हवे.

सालेर्नो हे नेपल्सच्या दक्षिणेचे समुद्रकाठचे गाव. दहाव्या ते तेराव्या शतकांत युरोपात वैद्यक शिकायचे तर इथे, अशी त्याची ख्याती होती. एक ज्यू, एक ग्रीक, एक अरब आणि एक लॅटिन अशा चौघा गुरूंनी तिथली शाळा काढली, अशी दंतकथा आहे. इतिहास म्हणून ती टिकत नाही, पण त्या गावात काय घडत होते ते तिने नेमके टिपले आहे. उत्तर आफ्रिकेतून आलेल्या कॉन्स्टन्टाइनने अकराव्या शतकात अरबी वैद्यकग्रंथ लॅटिनमध्ये आणले आणि ग्रीकांची विद्या अरबांच्या हातून युरोपात परतली. १२३१ मध्ये सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने कायदाच केला, की सालेर्नोच्या गुरूंनी परीक्षा घेऊन पसंत केल्याखेरीज आपल्या राज्यात कोणी वैद्यकी करू नये.

या शाळेच्या नावावर एक लॅटिन कविता प्रसिद्ध आहे. ‘सालेर्नोचा आरोग्यनियम’ हे तिचे नाव. कवितेच्या सुरुवातीलाच सालेर्नोची सगळी शाळा इंग्लंडच्या राजाला उद्देशून बोलते आहे. हा राजा कोण, यावर कथा रचल्या गेल्या. त्यांतली गाजलेली कथा विल्यम द कॉन्कररचा मुलगा रॉबर्ट याची. पहिल्या धर्मयुद्धात त्याच्या दंडावर विषारी जखम झाली, ती चिघळली, आणि तो झोपेत असताना त्याच्या बायकोने ते विष तोंडाने शोषून घेतले, अशी ही कथा. परंतु रॉबर्ट राजा कधी झालाच नाही, कारण ११०० मध्ये धाकट्या भावाने सिंहासन बळकावले. शिवाय या कवितेचा माग तेराव्या शतकाच्या पलीकडे नीट लागत नाही. राजाचे नाव घेतले ते वजन यावे म्हणून, असे मानायला जागा आहे. कवितेतला सल्ला मात्र सरळ घरातल्या माणसासाठी आहे.

काय आहे तो सल्ला? चिंता सोड, राग आवर, मद्य बेताने घे, रात्रीचे जेवण हलके ठेव. जेवल्यावर बसून राहू नकोस. दुपारी झोपू नकोस, त्याने ताप येतो, अंगात आळस भरतो, डोके दुखते, पडसे होते. लघवी तुंबवू नकोस. सकाळी उठल्यावर गार पाण्याने हात आणि डोळे धू, थोडा चाल, अंग ताणून मोकळे कर, केस विंचर, दात घास. जेवणानंतर हात धुतलेस तर हात स्वच्छ होतात आणि नजरही तीक्ष्ण होते. वैद्य जवळ नसेल तर तीन वैद्य सदैव हाताशी आहेत: आनंदी मन, विश्रांती आणि मित आहार.

मराठी वाचकाला हे वाचताना ओळखीचे वाटेल. दिवसा झोपू नये हे आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांनीही बजावलेले असते. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त दिवसाच्या झोपेने कफ वाढतो असे सांगून उन्हाळ्यापुरती तिला सवलत दिली आहे. त्याच ग्रंथाच्या चौथ्या अध्यायात कोणते वेग अडवू नयेत याची तेरा नावांची यादी आहे. तीत मलमूत्रापासून शिंक, जांभई आणि अश्रूंपर्यंत सगळे येते. सालेर्नोची कविताही पोटातला वारा अडवला तर आचके, जलोदर, पोटशूळ आणि भोवळ असे चार विकार होतात म्हणून बजावते. तिथे शरीर चार द्रवांचे मानले, इथे तीन दोषांचे. पण समतोल बिघडला की रोग होतो आणि समतोल रोजच्या वागण्याने राखता येतो, हा विश्वास दोन्हीकडे एकच होता.

ही कविता लोकांच्या जिभेवर बसली ती तिच्या बांधणीमुळे. पुष्कळ ओळींत मध्यावरचा शब्द आणि शेवटचा शब्द यांचे यमक जुळते, त्यामुळे पहिली अर्धी ओळ म्हणताच दुसरी आपोआप ओठांवर येते. बहुतेक सल्ले दोन-चार ओळींचेच आहेत, कुठूनही उचलावेत आणि कुठेही म्हणावेत. चीज कसले खावे, अंडे किती ताजे असावे, मासा टणक हवा की मऊ, अशा प्रश्नांना तिथे लगेच उत्तर मिळते. आजाऱ्याला वर्ज्य पदार्थांच्या एका लहानशा यादीत पीच, सफरचंद, नासपती, दूध, चीज, खारवलेले मांस, हरीण, ससा, गाय आणि बकरी हे सगळे बसवले आहे. कांद्याच्या बाबतीत तर कवी सरळ सांगतो की यावर वैद्यांचेच एकमत नाही. गॅलनच्या मते पित्तप्रकृतीला तो बाधतो, कफप्रकृतीला मानवतो. लोकांसाठी लिहिताना मतभेद लपवला नाही, याचे मोल मोठे आहे. सेज या वनस्पतीवरच्या ओळीही अशाच. ज्याच्या बागेत सेज उगवते त्याने मरावे तरी का, असा प्रश्न आधी येतो, आणि लगेच उत्तरही येते की मरणावरचे औषध कुठल्याच बागेत नाही.

पण याच कवितेत भलतेही आहे. रात्री प्यालेले मद्य बाधले असेल तर सकाळी पुन्हा तेच प्यावे, तेच औषध, असा सल्ला तिच्यात आहे. शीर केव्हा सोडावी याचे महिने ठरवून दिले आहेत. आणि माणसाच्या अंगात २१९ हाडे, ३२ दात आणि ३६५ शिरा असतात, असे तीन ओळींत पक्के बांधून टाकले आहे. दात बरोबर आहेत. शिरांची संख्या वर्षाच्या दिवसांइतकी, ती मोजून आलेली नाही. आणि प्रौढ माणसाची हाडे २०६ असतात. १५४३ मध्ये व्हेसालियसने प्रेते स्वतः फाडून, हाड न् हाड पाहून शरीररचनेचा ग्रंथ छापला, त्यानंतरही कवितेच्या आवृत्त्यांत २१९ हाडे तशीच राहिली. राहणारच होती. गॅलनने छंदाची जी थोरवी सांगितली, की संख्या बदलू पाहाल तर ओळ मोडेल, ती इथे उलटी फिरली. छंदाने चूकही तितक्याच इमानाने राखली.

याहून टोकाचे उदाहरण सेरेनस सामोनिकस या रोमन लेखकाचे आहे. रोगांवरचे उपाय सांगणाऱ्या त्याच्या लॅटिन पद्यग्रंथात एका प्रकारच्या तापावर ‘अब्राकाडाब्रा’ हा शब्द चिठ्ठीवर लिहायला सांगितले आहे. दर ओळीला एक अक्षर गाळत जायचे, शेवटी एकच उरते, आणि ती चिठ्ठी लिननच्या दोऱ्याने गळ्यात बांधायची. १६६५ च्या प्लेगमध्ये लंडनचे लोक हाच त्रिकोण जवळ बाळगत होते, असे डॅनिअल डिफोने १७२२ च्या आपल्या पुस्तकात नोंदवले आहे. मधे चौदाशे वर्षे गेली होती.

सालेर्नोच्या कवितेचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे ती वाढत गेली. मध्ययुगातल्या आर्नाल्ड द व्हिलानोव्हाच्या नावावर असलेल्या टीकेसह जो पाठ चालत होता त्यात साडेतीनशेच्या वर थोड्या ओळी आहेत. एकोणिसाव्या शतकात नेपल्सचे वैद्य साल्व्हातोरे दे रेन्झी यांनी सालेर्नोचे साहित्य पाच खंडांत गोळा केले, तेव्हा निरनिराळ्या हस्तलिखितांतून या कवितेच्या नावाखाली साडेतीन हजारांच्या आसपास ओळी जमल्या. कुणी आपल्या प्रांतातली भाजी घातली, कुणी आपल्या गुरूचे मत घातले, कुणी ऐकलेला तोडगा घातला. आपल्याकडे संतांच्या नाममुद्रेखाली अभंग जमत गेले, तशीच ही वाढ. मूळ कवी कोण, हे विचारण्यापेक्षा पाच-सहा शतकांतल्या सामान्य माणसांना शरीराविषयी काय पाठ असावेसे वाटत होते, हे या ओळींना विचारावे.

इंग्लंडमध्ये ही परंपरा चांगली रुजली. पंधराव्या शतकात बरी सेंट एडमंड्सच्या मठातला साधू जॉन लिडगेट याने आहारविहारावर एक लहानशी इंग्रजी कविता केली. तिची पन्नासहून अधिक हस्तलिखिते आज शिल्लक आहेत. त्या काळातल्या फारच थोड्या इंग्रजी कवितांच्या वाट्याला इतक्या नकला आल्या. १६०७ मध्ये सर जॉन हॅरिंग्टनने सालेर्नोच्या कवितेचा इंग्रजी पद्यानुवाद छापला. हा पहिल्या एलिझाबेथ राणीचा धर्मपुत्र. पाण्याच्या झोताने धुऊन निघणारा संडास स्वतःच्या घरी बसवून त्याविषयी १५९६ मध्ये पुस्तक लिहिणाराही हाच. आरोग्याचे पद्य आणि मैल्याची व्यवस्था या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला महत्त्वाच्या वाटल्या, हे विसरू नये. १७४४ मध्ये जॉन आर्मस्ट्राँग या स्कॉटिश डॉक्टरने हवा, आहार, व्यायाम आणि मनोविकार अशा चार भागांत आरोग्यावर निर्यमक काव्य लिहिले. तोवर छपाई स्वस्त झाली होती, पाठांतराची गरज उरली नव्हती. आर्मस्ट्राँगची कविता वाचण्यासाठी होती आणि ती वाचनातच राहिली.

वैद्यांना हे सारे रुचत होते असे नाही. फ्रान्समधल्या माँपेलियेच्या वैद्यक विद्यापीठाचा प्रमुख लॉराँ जूबेर याने १५७८ मध्ये लोकांच्या वैद्यकविषयक गैरसमजांवर ग्रंथ छापला, तोही लॅटिनमध्ये नव्हे, फ्रेंचमध्ये. लोकांच्या तोंडी असलेली वचने एकेक करून त्याने तपासायला घेतली. घरोघरी बोलले जाणारे वचन तपासायचे तर ते घरच्याच भाषेत तपासायला हवे, हे त्याला समजले होते.

आपल्याकडे तर पद्यातले वैद्यक हीच मुख्य वाट होती. वाग्भटाचे ‘अष्टांगहृदय’ १२० अध्यायांचे आणि सात हजारांहून अधिक श्लोकांचे आहे. पण त्याच्या श्लोकांची चाल शिक्षकाची आहे. वैद्यकाला शृंगाराची आणि शब्दखेळाची जोड देणारा कवी महाराष्ट्राने दिला. त्याचे नाव लोलिंबराज.

परंपरा त्याला जुन्नरचा म्हणते. सोळाव्या-सतराव्या शतकांच्या सुमाराचा हा कवी. ‘वैद्यजीवन’ हा त्याचा संस्कृत ग्रंथ पाच विलासांचा आहे. विलास हा शब्दच सांगतो की हा वैद्य आधी कवी आहे. अनेक श्लोकांत तो आपल्या प्रियेला, रत्नकलेला, हाक मारतो, तिच्या डोळ्यांची, चालीची स्तुती करतो आणि त्याच श्लोकात तापावरचा काढा सांगतो. रत्नकला एका मुसलमान सरदाराची मुलगी होती, लोलिंबराजाने तिच्याशी लग्न केले आणि तिच्या निधनानंतर तो वणीच्या सप्तशृंगीला शरण गेला, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेचे काहीही असो, देवीचा उल्लेख त्याच्याच श्लोकात आहे. सप्तशृंगावर वास करणाऱ्या अठरा हातांच्या देवीला तो वंदन करतो आणि तिच्या भक्तीमुळे आपण एका घटकेत शंभर पद्ये रचतो असे सांगतो. घटका म्हणजे चोवीस मिनिटे. वणीच्या गडावर गेलेल्या प्रत्येकाने ते अठरा हात पाहिलेले आहेत.

पहिला विलास तापावरचा आहे. गुळवेल, सुंठ, पिंपळी, अडुळसा ही आपल्या परसातली आणि स्वयंपाकघरातली नावे त्या ललित वृत्तांत सहज येतात. पण लोलिंबराजाचा वैद्यांच्या तोंडी असलेला श्लोक कुठल्याही औषधाचा नाही, पथ्याचा आहे. रोगी पथ्याने राहत असेल तर त्याला औषधाची गरज काय, आणि पथ्याने राहत नसेल तर औषधाचा उपयोग काय, असा त्याचा अर्थ.

या श्लोकाची घडण जवळून पाहावी. त्याच्या दोन्ही अर्ध्या म्हणताना तंतोतंत सारख्या ऐकू येतात. तीच अक्षरे, तोच क्रम, तीच चाल. फरक एवढाच की दुसऱ्या अर्धीत संधीने एक नकार गिळला आहे, आणि तो लिहिताना फक्त अवग्रहाच्या (ऽ) चिन्हाने दिसतो. अवग्रहाला उच्चार नाही. पथ्य आहे आणि पथ्य नाही, या दोन टोकांच्या गोष्टी कवीने एकाच ध्वनीत ठेवल्या आहेत. ऐकणाऱ्याला वाटते, हा एकच ओळ दोनदा म्हणतो आहे. दुसऱ्यांदा म्हणण्याचे कारण गुरू उलगडून सांगतो तेव्हाच कळते, आणि एकदा कळले की माणूस ते जन्मात विसरत नाही. शब्दचमत्कृती म्हणून अशा रचनांना नाके मुरडणारे पुष्कळ आहेत. या श्लोकापुरते तरी त्यांचे म्हणणे मान्य करता येत नाही, कारण इथे चमत्कृतीच शिकवण्याचे काम करते आहे.

छंदाची मर्यादाही याच श्लोकात दिसते. छंद अक्षर राखतो, मात्रा राखतो, पण अर्थ राखण्याची हमी देत नाही. नुसते कानाने ऐकून हा श्लोक पाठ करणारा पथ्याविषयी निम्मेच शिकेल. म्हणून जिथे पद्यातले वैद्यक जबाबदारीने शिकवले गेले, तिथे पद्य सहसा एकटे फिरले नाही. इब्न सीना याने अकराव्या शतकात रजझ या सोप्या अरबी छंदात १,३२६ ओळींत वैद्यकाचे सार बांधले, त्यावर पुढच्या शतकात इब्न रुश्दने टीका लिहिली, आणि तेराव्या शतकात दोन्ही लॅटिनमध्ये गेली. सालेर्नोची कविता छापखान्यात पोचली ती आर्नाल्डच्या नावाची टीका बरोबर घेऊन. ‘वैद्यजीवना’वर रुद्रभट्टाची ‘दीपिका’ आहे, हरिनाथाची ‘गूढार्थदीपिका’ आहे. चीनमध्ये वांग आंग याने १६९४ मध्ये काढ्यांच्या कृती सात-सात अक्षरांच्या ओळींत बांधल्या आणि त्यांच्याबरोबर स्पष्टीकरणेही दिली. पारंपरिक चिनी वैद्यक शिकणारे विद्यार्थी त्या ओळी आजही पाठ करतात, कारण त्या म्हणून घेणारा आणि समजावून सांगणारा गुरू तिथे अजून आहे. सालेर्नोची शाळा १८११ मध्ये नेपल्सचा राजा म्युरा याच्या हुकमाने बंद झाली. शीर सोडण्याचे महिने आता कुणी पाळत नाही. तीन वैद्यांची ओळ मात्र लोकांच्या आठवणीत राहिली, कारण ती समजायला वैद्य लागत नव्हता.

जिथे पद्य टीकेविना, गुरूविना हातोहात गेले, तिथे ‘अब्राकाडाब्रा’ची चिठ्ठी लंडनच्या गल्ल्यांत पोचली. मुंबईत डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी १८८० मध्ये ‘अष्टांगहृदय’ छापले, तेव्हा त्यांनी वाग्भटाच्या श्लोकांसोबत अरुणदत्ताची ‘सर्वांगसुंदरा’ टीकाही छापली.